बोलीकडून व्याकरणाकडे : मराठी भाषाशिक्षणातील पद्धतींचा आढावा

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे प्राचीन मंदिरांचे गाव १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानाचा कारभार उर्दूत चाले आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. त्यामुळे घरची भाषा एक आणि शिक्षणाची दुसरी, हा अनुभव मराठवाड्याला नवा नाही. आज शाळेचे माध्यम मराठी असले, तरी बोलीतली मराठी, दखनी किंवा बंजारा समाजाची गोरमाटी बोलत वाढलेल्या मुलांपुढे प्रमाण मराठीचे व्याकरण कसे ठेवावे, हा प्रश्न या परिसरात कायम आहे.

मराठी व्याकरणाच्या छापील परंपरेचा आरंभ परभाषक विद्यार्थ्यासाठी झाला, ही गोष्ट या संदर्भात महत्त्वाची आहे. विल्यम कॅरी यांनी १८०५ साली सिद्ध केलेले व्याकरण इंग्रजीत होते आणि मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजांच्या उपयोगाचे होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठीतून लिहिलेले व्याकरण १८३६ साली आले, तर मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा विस्तृत ग्रंथ १९११ साली. या ग्रंथांचे ऋण मोठे आहे. परंतु शाळेने त्यांच्यातील चिकित्सा मागे ठेवून व्याख्या आणि वर्गीकरण तेवढे उचलले, आणि शब्दांच्या जाती ओळखणे म्हणजेच व्याकरण, असा समज पिढ्यान्‌पिढ्या दृढ झाला.

परकी भाषा शिकवताना प्रदीर्घ काळ व्याकरण-भाषांतर पद्धत चालली. तीत आधी नियम, मग त्याची उदाहरणे आणि शेवटी भाषांतराचा सराव असा क्रम असे. इंग्रजीसाठी महाराष्ट्रात घरोघर वापरली गेलेली दुसऱ्या एका तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हे तिचे परिचित रूप होय. तिच्या विरोधात पुढे आलेल्या प्रत्यक्ष पद्धतीने मातृभाषेचा आधार काढून घेतला आणि विद्यार्थ्याने नियम ऐकण्या-बोलण्यातून आपसूक ताडावा, अशी अपेक्षा ठेवली. दक्षिण भारतातील शाळांत एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात राबवलेला बंगळूर प्रकल्प त्याही पुढे गेला : मुलांना नकाशा वाचणे, वेळापत्रकावरून उत्तर काढणे अशी अर्थपूर्ण कामे द्यावीत, म्हणजे लक्ष अर्थावर असतानाच व्याकरण मनात रुजते, ही त्यामागची धारणा होती. नंतर मायकेल लाँग यांनी मधला मार्ग सुचवला; संवाद अर्थासाठीच चालावा, परंतु अडखळण्याच्या जागी शिक्षकाने भाषेच्या रूपाकडे थोडा वेळ लक्ष वेधावे, असे त्यांचे म्हणणे होते.

चारठाण्यासारख्या ठिकाणी हा मधला मार्ग सर्वांत उपयोगी आहे, कारण तिथल्या मुलाच्या तोंडी व्याकरण आधीच असते. मराठवाड्यात ‘मी जेवायलो’, ‘तू काय करायलास?’ असे सर्रास बोलले जाते. ‘जेवायला ये’ या वाक्यात हेतू दाखवणारे रूप इथे पुरुषाचे प्रत्यय घेऊन चालू क्रिया दाखवते, म्हणजे प्रमाण मराठीतील ‘मी जेवत आहे’ याचे काम करते. ही रूपे मूल अचूक वापरते, याचा अर्थ क्रियापदाने कर्त्याप्रमाणे बदलावे हा नियम त्याला आत्मसात झालेला असतो. फक्त त्या नियमाला नाव नसते. शिक्षकाने ‘अशुद्ध’ म्हणून फुली मारली, तर हे ज्ञान वाया जाते. दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी लिहून फरक मुलांनाच शोधायला लावला, तर वर्तमानकाळाचा पाठ तिथेच उभा राहतो.

दखनी बोलणाऱ्या मुलाची अडचण निराळी आहे. त्याच्या बोलीत दोनच लिंगे आहेत, आणि ‘मैं रोटी खाया’ अशा वाक्यात क्रियापद कर्त्यामागे जाते. ‘मी भाकरी खाल्ली’ या कर्मणी प्रयोगात मात्र ते कर्मामागे जाते. कर्मणी प्रयोगाची व्याख्या पाठ करून हे अंतर ओलांडता येत नाही. ‘आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं’ अशी वाक्ये बोलण्यातून पुरेशी कानी पडल्यावर नियम सांगितला, तरच तो पकड घेतो.

बोलीला मान देणे आणि व्याकरण काटेकोरपणे शिकवणे यांत विरोध नाही, हे मॅक्सिन बर्नसन यांच्या कामातून दिसते. फलटणच्या बोलण्यातील सामाजिक भेदांचा अभ्यास करणाऱ्या या विदुषींनी परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके रचली आणि फलटणमध्येच प्रगत शिक्षण संस्था उभी केली. उलट, नियम मुळीच सांगू नयेत हा आग्रह खेड्यातील मुलावर अन्याय करतो. ज्याच्या घरी प्रमाण भाषेची पुस्तके नाहीत, त्याला ती आपोआप उमगेल असे मानणे म्हणजे त्याला स्पर्धा परीक्षेच्या दाराशी एकटे सोडणे होय.

१९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीने राज्यभर एकच पाठ्यपुस्तक पोहोचवले, हे तिचे मोठे कार्य आहे. आता त्याच्या जोडीला मराठवाडी, दखनी आणि गोरमाटी यांची प्रमाण मराठीशी तुलना करणाऱ्या छोट्या शिक्षक-पुस्तिका जिल्हानिहाय तयार व्हायला हव्यात, आणि त्या लिहिण्याचे काम त्या त्या गावांत शिकवणाऱ्या शिक्षकांकडेच सोपवावे.