दुसऱ्यांदा पकडले गेल्यावर वकील निवडताना

अमेरिकेत १९८४च्या केंद्रीय कायद्यानंतर सर्व राज्यांनी दारूसाठी किमान वय २१ केले. त्याआधी दारू पिताना पकडले गेल्यास होणारी शिक्षा मात्र राज्यागणिक बदलते. पेनसिल्व्हेनियात पहिल्या गुन्ह्याला ५०० डॉलरपर्यंत दंड होतो, दुसऱ्याला १,००० डॉलरपर्यंत.

दंड भरला की सुटलो, असे समजू नका. तिथे नोटिशीवरचा दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. त्यामुळे पैसे भरण्याआधी वकिलाला भेटा. पहिल्या वेळी खटल्याऐवजी समुपदेशनाची सवलत घेतली असेल, तर ती पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून जुन्या प्रकरणाची कागदपत्रे सोबत न्या.

वकील त्याच जिल्ह्यात नेहमी उभा राहणारा हवा. त्याला थेट विचारा: अशी किती प्रकरणे हाताळलीत? कोर्टात स्वतः येणार की सहकाऱ्याला पाठवणार? फी एकरकमी की तासावर, आणि अपिलाची त्यात धरली आहे का? नोंद पुढे पुसून घेता येईल का? निकालाची हमी देणाऱ्यापासून दूर राहा. फी परवडत नसेल तर विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी कायदा सल्ला केंद्र आहे का, ते पाहा.

इथून शिकायला गेलेल्या मुलामुलींनी व्हिसाबद्दल पहिल्याच भेटीत सांगावे. गुन्हा कबूल केल्याने देशाबाहेर काढले जाण्याचा धोका असेल, तर फौजदारी वकिलाने अशिलाला त्याची कल्पना दिलीच पाहिजे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले आहे. गरज पडल्यास व्हिसाविषयक वकिलाचाही सल्ला घ्या.

आणि घरी लपवू नका. आईवडील रागावतील, पण पाठीशीही तेच उभे राहतील.