जिल्ह्याचे नाव कोठे लिहावे?

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्याआधी जालना शहर औरंगाबाद जिल्ह्यात होते. २०२३ साली त्या जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले.

समजा, तेथील एका शाळेचे दाखले छापणारा प्रोग्राम आपण २०२० साली लिहिला आणि जिल्ह्याचे नाव त्यात वीस ठिकाणी घातले. आता वीसही जागा शोधाव्या लागतील. एक जरी राहिली, तरी कोणाच्या तरी दाखल्यावर जुने नाव छापले जाईल. म्हणून नाव, शुल्क, प्रिंटर अशा बदलू शकणाऱ्या बाबी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. तिला 'कॉन्फिगरेशन फाइल' म्हणतात. प्रोग्राम सुरू होताना ती वाचतो. त्यामुळे बदल एकाच जागी करावा लागतो.

मात्र १९८० साली जालन्यात जन्मलेल्या व्यक्तीच्या नोंदीत जिल्हा 'औरंगाबाद' असेल, तर तो तसाच राहिला पाहिजे. तोही याच फाइलमधून घेतला, तर जुनी नोंद आपोआप बदलेल. आजचे नाव ही सेटिंग; घडून गेलेल्याची नोंद ही माहिती.

दाखल्यातील कोणती बाब सेटिंग आणि कोणती माहिती, याची यादी वर्गात करून घ्यावी, असे आम्ही सुचवतो.