कोनी आयलंड : पाच सेंटांची करमणूक

स्थान

न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी कोनी आयलंड हा करमणुकीचा परिसर वसला आहे. एकेकाळी ते खाडीने वेगळे झालेले वाळूचे बेट होते. विसाव्या शतकात खाडीचा काही भाग बुजवला गेला आणि बेट मुख्य भूमीला जोडले गेले. 1829 मध्ये येथे पहिले हॉटेल उभे राहिले. मात्र केवळ समुद्रामुळे हा परिसर घडला नाही. असा किनारा न्यूयॉर्कभोवती मैलोन्‌मैल आहे. येथे निर्णायक ठरली ती वाहतूक.

वाहतूक आणि गर्दी

1860 ते 1880 या काळात रेल्वेमार्ग किनाऱ्यापर्यंत पोहोचले आणि परिसराची वर्गवार विभागणी झाली. पूर्वेकडील मॅनहॅटन बीच व ब्रायटन बीच येथे श्रीमंतांची भव्य हॉटेले उभी राहिली. पश्चिमेकडे कामगारवर्गाची करमणूक वाढली. 1920 मध्ये शहरी रेल्वेचे भाडे पाच सेंटांवर आले आणि उन्हाळ्यातील रविवारी दहा लाखांच्या घरात लोक येऊ लागले. खाद्यपदार्थांचे दरही याच नाण्याभोवती फिरू लागले होते. फेल्टमन यांच्या प्रसिद्ध उपाहारगृहात हॉट डॉग दहा सेंटांना मिळत असे. पोलंडहून स्थलांतरित झालेल्या नेथन हँडवर्कर यांनी 1916 मध्ये तो पाच सेंटांना विकायला सुरुवात केली. ते दुकान आजही सुरू आहे.

किनाऱ्यावर पोहोचणे स्वस्त झाले, तरी पाण्यापर्यंतची वाट बरीचशी खाजगी स्नानगृहांच्या कुंपणांनी अडवलेली होती. शहराने किनारा सार्वजनिक केला आणि 1923 मध्ये बोर्डवॉक खुला झाला. लाकडी फळ्यांचा हा पदपथ आज सुमारे चार किलोमीटर लांब आहे. परिसराच्या इतिहासात इतका दूरगामी निर्णय दुसरा नाही.

गुरुत्वाकर्षणाचा खेळ

लामार्कस थॉम्पसन यांनी 1884 मध्ये येथे ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली. उंच मनोऱ्यावरून सुटलेली गाडी चढउतारांच्या रुळांवरून केवळ उतारावर मिळालेल्या वेगाने दुसऱ्या टोकाला जाई. तेथे प्रवासी उतरत, सेवक गाडी ढकलून दुसऱ्या मनोऱ्यावर चढवत आणि परतीचा प्रवास सुरू होई. वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, तिकीट पाच सेंट.

1927 मध्ये सुरू झालेल्या ‘सायक्लोन’मध्ये तेच तत्त्व पूर्णत्वास गेलेले दिसते. साखळी गाडीला सुमारे 26 मीटर उंचीवर ओढून नेते आणि सोडून देते. त्यापुढे इंजिन नाही. उंचीमुळे साठलेली स्थितिज ऊर्जा गतिज ऊर्जेत बदलते आणि वेग ताशी सुमारे 95 किलोमीटरपर्यंत जातो. घर्षणाने ऊर्जा घटत जात असल्याने पुढील कोणताही चढ पहिल्याइतका उंच असू शकत नाही. सांगाडा पोलादी असला, तरी मार्ग लाकडाचा आहे. लाकूड किंचित लवचीक असल्याने गाडी हादरते आणि वेग प्रत्यक्षाहून अधिक भासतो. 1920 चे ‘वंडर व्हील’ हे सुमारे 46 मीटर उंचीचे चक्र निराळ्या युक्तीवर चालते. त्याच्या 24 डब्यांपैकी 16 डबे चक्र फिरताना आतील वक्र रुळांवरून घसरत जागा बदलतात.

तीन उद्याने

1895 मध्ये पॉल बॉयटन यांनी ‘सी लायन पार्क’ला कुंपण घालून प्रवेशशुल्क ठेवले आणि सुट्या खेळांचे एकत्रित उद्यान झाले. त्याच धर्तीवर जॉर्ज टिलियू यांचे ‘स्टीपलचेस’ (1897), ‘लुना पार्क’ (1903) आणि ‘ड्रीमलँड’ (1904) उभे राहिले. लुना पार्कमध्ये अडीच लाख विद्युत दिवे होते. ज्या काळात बहुसंख्य कामगारांच्या घरी वीज पोहोचली नव्हती, त्या काळात प्रकाश हाच पाहण्याचा विषय होता.

या उद्यानांमधील सर्वांत विलक्षण दालन करमणुकीचे नव्हते. मार्टिन कूनी यांनी 1903 पासून चाळीस वर्षे येथे अपुऱ्या दिवसांची बाळे काचेच्या पेट्यांमध्ये ठेवून वाढवली. रुग्णालयांत ही सोय दुर्मीळ होती. पालकांकडून पैसे घेतले जात नसत. प्रेक्षकांच्या तिकिटांतून परिचारिकांचा खर्च निघे. आजारी अर्भकांचे प्रदर्शन आज अमान्य ठरेल, परंतु हजारो बालके त्यामुळेच जगली, हे नाकारता येत नाही.

लाकूड आणि आग

दिमाखदार दिसणाऱ्या इमारती आतून लाकडी चौकटी आणि गिलावा यांच्या होत्या. समुद्री वारा, डांबर आणि दिव्यांच्या तारा यांची त्यात भर होती. 1907 मध्ये स्टीपलचेस जळाले. टिलियू यांनी दहा सेंट घेऊन अवशेष दाखवले आणि उद्यान पुन्हा बांधले. 27 मे 1911 च्या पहाटे दुरुस्तीच्या वेळी डांबराने पेट घेतला आणि ड्रीमलँड संपले. तेथील काचपेट्यांमधील सर्व बाळे वाचवण्यात आली. 1944 मध्ये लुना पार्कलाही आग लागली आणि तेही कायमचे बंद झाले.

जमिनीचा प्रश्न

आगीनंतर खेळ पुन्हा उभे राहू शकत होते; जमिनीचा वापर बदलल्यावर ते शक्य नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारगाड्यांमुळे मध्यमवर्ग दूरच्या किनाऱ्यांकडे वळला. नगररचनाकार रॉबर्ट मोझेस यांनी गजबजलेल्या खेळांऐवजी मोकळ्या किनाऱ्याला प्राधान्य दिले. आसपास उंच निवासी इमारती आल्या. 1964 मध्ये स्टीपलचेस बंद झाले. पुढे विकासक फ्रेड ट्रम्प यांनी ते पाडले, पण नियोजित इमारती उभ्या राहिल्या नाहीत आणि जागा बराच काळ रिकामीच राहिली. 1970 च्या दशकात सायक्लोनही पाडले जाणार होते. नागरिकांच्या विरोधामुळे ते वाचले. सायक्लोनला 1988 मध्ये आणि वंडर व्हीलला 1989 मध्ये शहराने वारसास्थळाचा दर्जा दिला.

आजचे स्वरूप आणि मर्यादा

2009 मध्ये जमिनीच्या वापराचे नियम बदलले आणि 2010 मध्ये जुन्याच नावाचे नवे लुना पार्क सुरू झाले. 1983 पासून दर जूनमध्ये ‘मर्मेड परेड’ निघते. 1 जानेवारीला हौशी लोक बर्फगार पाण्यात उतरतात. पाळणे मात्र हिवाळ्यात बंद असतात, त्यामुळे रोजगार हंगामी राहतो. ऑक्टोबर 2012 मधील सँडी वादळात समुद्राचे पाणी वस्तीत शिरले. सखल वाळूवरील या परिसराला समुद्रपातळीचा धोका कायम आहे.

बारमाही उत्पन्नासाठी येथे कॅसिनो उभारण्याचा प्रस्ताव आला होता. सप्टेंबर 2025 मध्ये त्यावरील सल्लागार समितीने तो फेटाळला. हा निर्णय योग्यच होता. कॅसिनो ग्राहकांना बंद दालनात धरून ठेवतो. कोनी आयलंड मात्र आजवर मोकळ्या किनाऱ्यावर जगले आहे. तेथील वाळू आणि बोर्डवॉक यांना आजही प्रवेशशुल्क नाही.