आकस्मिक पूर आणि पर्जन्यनोंदी

आकस्मिक पूर म्हणजे जोरदार पावसानंतर साधारणतः सहा तासांच्या आत लहान नदी, ओढा किंवा शहरी नाल्याला येणारा पूर होय. असा पूर ओळखण्यासाठी, तसेच तो पावसामुळेच आला की अन्य कारणाने हे पडताळण्यासाठी पर्जन्यनोंदींचा वापर केला जातो.

ओळख

येथे एकूण पावसापेक्षा त्याची तीव्रता निर्णायक ठरते. दिवसभरात संथपणे पडलेला १०० मिलिमीटर पाऊस बराचसा जमिनीत मुरतो. तोच तासाभरात पडला, तर बहुतांश पाणी उतारावरून वाहून जाते. भारतीय हवामान विभागाची दैनंदिन पर्जन्यनोंद सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० अशी असते. या आकड्यात तासाभराची सर लपून जाते. त्यामुळे दर १५ मिनिटांनी नोंद करणारे स्वयंचलित पर्जन्यमापक अधिक उपयोगी पडतात. आधीच्या पावसाने माती किती भिजलेली आहे, हेही पाहावे लागते. भिजलेल्या पाणलोट क्षेत्रात कमी पावसानेही ओढा काठोकाठ भरतो. २०२० मध्ये सुरू झालेली दक्षिण आशिया आकस्मिक पूर मार्गदर्शन प्रणाली हाच हिशेब वापरते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. तेथून वीसेक किलोमीटरवरील कुलाबा येथे मात्र सुमारे ७३ मिलिमीटरच पाऊस झाला. केवळ कुलाब्याच्या नोंदीवरून मिठी नदीच्या पुराची कल्पनाही आली नसती.

पडताळणी

पर्जन्यमापकात पाऊस दिसला नाही, म्हणजे पाऊस झालाच नाही, असे म्हणता येत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये लेह येथील आपत्तीत शहराजवळील वेधशाळेत जेमतेम १२.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, पण आसपासच्या नाल्यांतून आलेल्या चिखल-दगडांच्या लोंढ्याने वस्त्या गाडल्या गेल्या. डोंगराळ भागात पर्जन्यमापक विरळ व बहुधा खोऱ्यात असल्याने उंचावरील अरुंद ढगफुटी त्यांच्यातून निसटते. अशा वेळी डॉप्लर रडार, उपग्रहचित्रे व पाण्याच्या खुणा यांची सांगड घालावी लागते. मात्र पर्वतरांगा रडारलाही आडव्या येतात.

याउलट, ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडमधील चमोली जिल्ह्यात ऋषिगंगा व धौलीगंगा नद्यांना पूर आला, तेव्हा हवामान कोरडे होते. पावसाचे कारण त्यामुळे लवकरच बाद झाले. रोंटी शिखराच्या उतारावरून कोसळलेला खडक-बर्फाचा प्रचंड कडा हे त्या पुराचे कारण असल्याचे उपग्रहचित्रांवरून निश्चित झाले.