शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन

हिंगोली शहर पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाचं पाणी पितं. जिल्ह्यातल्या कित्येक गावांत मात्र विहिरीचं किंवा बोअरचं पाणी उंच टाकीत चढवतात आणि तिथेच टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर मिसळतात. पाणी कुठलंही असो, प्रश्न एकच: टाकीतला क्लोरीन गावाच्या शेवटच्या नळापर्यंत टिकतो का? आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवा.

वाटेत क्लोरीन दोन ठिकाणी खर्च होतो. एक, पाण्यातल्याच सेंद्रिय घाणीशी झुंजताना. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी तापलं की हा खर्च वाढतो. दुसरा, पाइपाच्या आतल्या बाजूला: लोखंडावरचा गंज आणि जंतूंचा बुळबुळीत थर क्लोरीन खाऊन टाकतात. पाइप जितका अरुंद, तितकं पाणी या थराच्या जवळ. ३०० मिलिमीटरच्या पाइपापेक्षा १०० मिलिमीटरच्या पाइपात त्याच पाण्याला तिप्पट पृष्ठभाग भिडतो. म्हणजे गल्लीबोळातल्या बारीक पाइपांतच धोका जास्त.

पाण्याचा वेग इथे दोन्हीकडून काम करतो. जोरदार प्रवाह घुसळत जातो, त्यामुळे भिंतीपर्यंत क्लोरीन झपाट्याने पोचतो आणि दर मिनिटाचा खर्च वाढतो. पण पाणी लवकर नळाशी येतं. सेकंदाला एक मीटर वेगाने चार किलोमीटर कापायला सुमारे ६७ मिनिटं लागतात. वेग दहापटीने घटला तर ११ तासांहून जास्त. त्यामुळे एकूण हिशेबात संथ पाणीच बहुधा जास्त क्लोरीन गमावतं. पाइपाच्या बंद टोकाला तर ते तासन्‌तास पडून असतं.

सर्वांत घातक असतो तो प्रवाहातला अचानक बदल. एक दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी सुटतं, तेव्हा मधल्या काळात पाइपातला दाब उतरतो आणि फुटक्या जोडांतून गटाराचं पाणी आत शिरू शकतं. नळाला थेट मोटार लावली की हा धोका आणखी वाढतो. व्हॉल्व्ह उघडताच पहिला लोंढा तळाचा गाळ आणि थर उखडून आणतो. त्याच्याशी लढण्यातच क्लोरीन संपतो. हुबळी-धारवाडमध्ये खंडित आणि अखंड पुरवठ्याची तुलना करणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. खंडित पुरवठ्याच्या पाण्यात दूषितता जास्त आढळली.

यावर मुठीने पावडर वाढवणं हा उपाय नव्हे. टाकीजवळच्या घरांना उग्र वास येईल आणि टोकाचं घर तसंच राहील. जोड दुरुस्त करावेत, बंद टोकाचे वॉशआउट म्हणजे गाळ काढायचे व्हॉल्व्ह नियमित उघडावेत, टीसीएल कोरड्या जागी झाकून ठेवावी, आणि क्लोरीन मोजणारी ओटी चाचणी टाकीपाशी नव्हे तर शेवटच्या नळाला करावी. नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग लगेच पाहावा; थांबलं तर संयुक्त क्लोरीनही त्यात मिसळून दिसतो. चाचणी एकदा पाणी सुटताना आणि एकदा बंद होण्याआधी करावी.

वाचकांनो, पाणी आल्यावर सुरुवातीचं गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नका, नळाला मोटार लावू नका, आणि ग्रामसभेत जलसुरक्षकाला विचारा: शेवटच्या नळाची नोंद कुठे आहे?