दात कोरून पोट भरत नाही

गेल्या दिवाळीतली गोष्ट. फराळाची ताटे पुढे घेऊन आम्ही सारे बसलो होतो. सौ.ने आपली चकली चहात बुडविली, चांगली मऊ होऊ दिली आणि मग डाव्या बाजूने सावकाश खाऊ लागली. “स्वतः केलेल्या कुरकुरीत चकलीचा हा काय अपमान!” मी थट्टेने म्हणालो. ती हसली, पण हसताना तिचा हात उजव्या गालावर गेला.

खोदून विचारले तेव्हा कळले, की उजवीकडची दाढ आठ महिने दुखत होती आणि लवंगेच्या तेलावर तिने ते दिवस काढले होते. “अहो, मुलाच्या क्लासची फी भरायची होती ना,” एवढेच ती म्हणाली.

मला मनातून शरम वाटली. मी कॉलेजात मराठी शिकवतो खरा, पण तासिका तत्त्वावर; म्हणजे जितके तास, तितके पैसे. घरात खर्चाचा विषय निघाला की माझा चेहरा कसा होतो, हे पाहूनच ती गप्प राहिली असणार.

माहीमला आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक दंतवैद्य आहेत. त्यांनी तपासून सांगितले, की कीड दाढेच्या नसेपर्यंत पोचली आहे. रूट कॅनाल करून वर कॅप बसवावी लागेल. तीन बैठका, वेळ संध्याकाळची, खर्च ११ हजार रुपये.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “नायरला का नाही जात?” मुंबई सेंट्रलजवळचे नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ सालचे, आज महापालिकेचे. तिथे विद्यार्थी काम करतात आणि शिक्षक त्यांच्यावर देखरेख ठेवतात. त्यामुळे काम सावकाश होते, पण खर्च बराच कमी येतो.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एकीकडे ११ हजार आणि तीन संध्याकाळी. दुसरीकडे थोडे पैसे. पण सकाळची रांग, केसपेपर, एक्स-रे आणि सहा-सात फेऱ्या. मी दर खेपेला सोबत गेलो, तर बुडालेल्या तासांपायी निम्मी बचत उडून जात होती. हिशेब काही जुळेना.

सौ.ने कागदावर एक नजर टाकली. “तुम्ही कशाला तास बुडवता? माहीमला गाडीत बसायचे, मुंबई सेंट्रलला उतरायचे. माझ्या शिकवण्या तर चारनंतर असतात.” माझ्या हिशेबातला सर्वांत मोठा आकडा तिने एका वाक्यात खोडला! सहा फेऱ्यांत तिची दाढ बरी झाली.

पुढे मुलाच्या दाढेत बारीकशी कीड निघाली, ती मात्र शेजारच्या दंतवैद्यांकडून एका संध्याकाळी भरून घेतली. तिथे शाळा बुडवून लांब जाण्यात शहाणपण नव्हते. लहान कामाला जवळचा दवाखाना, मोठ्या कामाला लांबची रांग, हे आमच्या घरापुरते ठरले. कुठेही जा, पण खुर्चीत बसण्याआधी तीन गोष्टी विचारा: कॅप धरून एकूण खर्च किती, बैठका किती, आणि कॅप कशाची? धातूची आणि सिरॅमिकची किंमत सारखी नसते. कायद्याने दंतवैद्याला नोंदणी सक्तीची आहे. तीही पाहून घ्यावी.

पण वाचकहो, खरा महाग सौदा यांपैकी कुठलाच नव्हता. दातावरचे कवच हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. तरी त्याला एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही, वाढतच जातो. सुरुवातीलाच दाखविले असते, तर सौ.चेही काम कदाचित मुलासारखेच एका बैठकीत भागले असते. आम्हाला महाग पडले ते आठ महिन्यांचे मौन. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आम्ही तर काटकसर करता करता दातच पणाला लावला होता.

यंदा फराळाला बसलात, की जरा नजर ठेवा. तुमच्या घरात चकली चहात कोण बुडवते आहे?