स्टिकर वाचून लॅपटॉप घेऊ नका

कॅपच्या फेऱ्या संपून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची जागा पक्की झाली, की घरातला पुढचा विषय लॅपटॉपचा. मावसभाऊ, शेजारचा आयटीतला दादा, दुकानदार आणि यूट्यूब अशा चारही दिशांनी सल्ले येतात. एरवी कशावरच न जुळणाऱ्या या मंडळींचं एका गोष्टीवर मात्र एकमत असतं: "आय-सेव्हन घ्या, ग्राफिक्स कार्डवाला घ्या, मग चार वर्षं बघायला नको." कोड लिहिण्याच्या कामासाठी या सल्ल्यातले बरेचसे पैसे नको तिथे जातात, आणि जिथे खरी गरज असते तिथे हात आखडता घेतला जातो.

आधी प्रोसेसरचं बघू. आय-५पेक्षा आय-७ वेगवान, हे एकाच पिढीत आणि एकाच वर्गात बहुधा खरं असतं. पण वर्ग ठरतो तो नावाच्या शेवटी चिकटलेल्या अक्षरावरून, आणि ते अक्षर स्टिकरवर नसतं. इंटेलच्या बाराव्या पिढीतला आय-७ १२५५यू घ्या. त्यात २ जोरकस कोअर आणि ८ काटकसरी कोअर आहेत, आणि चिपची मूळ वीजमर्यादा आहे १५ वॅट. त्याच पिढीतल्या आय-५ १२५००एचमध्ये ४ जोरकस, ८ काटकसरी आणि मर्यादा ४५ वॅट. ईमेल, ब्राउझर, चार ओळी टाइप करणं यात दोघांतला फरक कळणारही नाही. पण मोठा प्रोजेक्ट बिल्ड करताना सगळे कोअर काही मिनिटं एकदम कामाला लागतात, आणि तिथे हा आय-५ त्या आय-७ला मागे टाकतो. त्याची किंमत मोजावी लागते ती पंख्याच्या आवाजात आणि लवकर उतरणाऱ्या बॅटरीत. ज्या गावात दुपारी वीज जाते तिथल्या विद्यार्थ्याने यू अक्षरावर फुली मारण्याआधी हाही विचार करावा.

एएमडीच्या बाबतीत फसगत वेगळी. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावं सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. त्या मालिकेत आतली रचना कोणत्या पिढीची हे तिसरा अंक सांगतो. ७५२०यूमधला २ म्हणजे झेन २, २०१९ साली बाजारात आलेली रचना, तीही ४ कोअरची. ७५३०यू झेन ३ आहे आणि त्यात ६ कोअर आहेत. २०२३मध्ये पहिला आकडा ७ बघून "यंदाचं मॉडेल आहे" असं म्हणणारा विक्रेता खोटं बोलत नव्हता, फक्त तिसऱ्या आकड्याबद्दल तो काही बोलत नव्हता.

आता रॅम. सगळ्यात जास्त हळहळ इथेच ऐकू येते. "८ जीबी सध्या पुरे, नंतर वाढवता येईल" या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत. ८ जीबीतले तीन-चार तर विंडोज आणि तिच्यासोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅमच खातात. त्यावर व्हीएस कोड, वीसेक टॅब उघडलेला ब्राउझर आणि एखादा डेटाबेस आला, की जागा भरते. मग सिस्टिम रॅममधला मजकूर एसएसडीवर नेऊन ठेवते, लागला की परत आणते, आणि त्या ने-आणीत मशिन अडखळतं. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह चालवायचा तर गूगलच १६ जीबी किमान मानतं. विंडोजवर डॉकर सहसा चालतं ते डब्ल्यूएसएल-२ नावाच्या व्हर्च्युअल मशिनमध्ये, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर ते मशिन एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. म्हणून आज नवीन घेताना १६ ही सुरुवात समजावी, आणि डॉकरमध्ये पाच-सहा सर्व्हिस एकदम चालवणाऱ्याने ३२चा विचार करावा. आय-५वरून आय-७वर जाण्याचे पैसे वाचवून ते रॅममध्ये घातले, तर रोजच्या कामात फरक दिसतो.

आणि "नंतर वाढवू"? पातळ लॅपटॉपमध्ये रॅम सर्रास मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. स्लॉटच नसेल तर वाढवणार कुठे? हे तपासायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. दुकानात डेमोचं मशिन चालू असतं, त्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की खाली 'स्लॉट्स यूज्ड' आणि 'फॉर्म फॅक्टर' अशा दोन ओळी दिसतात. फॉर्म फॅक्टरपुढे 'एसओडीआयएमएम' असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते, आणि 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती सोल्डर केलेली आहे. काही मॉडेलमध्ये अर्धी रॅम सोल्डर आणि शेजारी एक रिकामा स्लॉट अशी सोयही असते, तेव्हा मॉडेलचं माहितीपत्रकही वाचावं.

आधीच ८ जीबीचं मशिन घेऊन बसलेल्यांनी लगेच कपाळाला हात लावू नये. एम्युलेटर बंद ठेवून, केबल लावून आपल्याच अँड्रॉइड फोनवर ॲप चालवलं तरी मोठा भार उतरतो.

मॅकवाले इथे म्हणतील, "मॅकचे ८ म्हणजे विंडोजचे १६." हे वाक्य हवेतून आलेलं नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये ॲपलच्याच एका उपाध्यक्षांनी मुलाखतीत असंच काहीसं म्हटलं होतं. त्यानंतर वर्षभरातच, ऑक्टोबर २०२४मध्ये, ॲपलने नव्या मॅकची सुरुवात १६ जीबीपासून केली, मॅकबुक एअरसुद्धा त्यात आला. एवढ्यावरून काय ते समजावं. एसएसडी वेगवान असल्यामुळे मॅक रॅमची टंचाई बराच वेळ झाकून ठेवतो, पण डॉकरला दिलेली रॅम तिथेही गेलेलीच असते. मॅकमध्ये नंतर रॅम वाढवता येत नाही.

"खरा डेव्हलपर मॅकच वापरतो" हा गैरसमज बंगळुरू-पुण्याच्या ऑफिसांतले फोटो बघून होत असावा. आयफोनचं ॲप बनवायचं तर मॅक लागतोच, कारण एक्सकोड फक्त मॅकओएसवर चालतं. बाकी जावा, पायथन, वेब यासाठी मॅक चांगला आहे, सक्तीचा नाही. उलट सी-शार्पचं जुनं डॉटनेट फ्रेमवर्क वापरणाऱ्या प्रकल्पांना विंडोजच लागते. आणि नोकरी लागल्यावर बहुतेक मोठ्या कंपन्या आपलाच लॅपटॉप हातात देतात, स्वतःच्या मशिनवर कंपनीचं काम करू देत नाहीत. तेव्हा "नोकरीतही हाच चालेल" म्हणून दुप्पट खर्च करण्यात अर्थ नाही.

ग्राफिक्स कार्डाचं प्रकरण सध्या एआयच्या नावाखाली जोरात आहे. वेब, बॅकएंड, मोबाइल ॲप, डेटाबेस यांपैकी कशालाच वेगळं कार्ड लागत नाही. गेम बनवायचे असतील, अनरिअल इंजिन चालवायचं असेल, तर लागतं. मशिन लर्निंग शिकताना सुरुवातीचा अभ्यास साध्या प्रोसेसरवर आरामात होतो. डीप लर्निंगला जीपीयू हवा हे खरं, पण गूगल कोलॅबवर वेळेची मर्यादा पाळून फुकट मिळणाऱ्या टी-४ कार्डात १६ जीबी मेमरी असते, आणि विद्यार्थ्यांच्या बजेटमधल्या गेमिंग लॅपटॉपच्या कार्डात ४ किंवा ६. त्या कार्डापायी सव्वादोन-अडीच किलोचं धूड आणि विटेएवढा चार्जर रोज पीएमपीच्या बसमधून वाहून न्यायचा, हा सौदा मला तरी कधी पटलेला नाही.

त्याचाच नवा अवतार 'एआय पीसी'. या मशिनमधला एनपीयू नावाचा भाग व्हिडिओ कॉलची पार्श्वभूमी धूसर करणं, आवाज साफ करणं अशी कामं कमी विजेत करतो. गिटहब कोपायलटसारखे कोड सुचवणारे मदतनीस मात्र चालतात दूरच्या सर्व्हरवर. त्यांना तुमच्या लॅपटॉपमध्ये एनपीयू आहे की नाही याची खबरही नसते.

"मशिन स्लो झालंय, बदलायला हवं" असं म्हणण्याआधी एक तपासणी करा. डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या लिनक्समध्ये, काम करताना प्रोजेक्टचं फोल्डर सी ड्राइव्हवर असेल, तर प्रत्येक फाइल लिनक्स आणि विंडोज यांच्या सीमेवरून ये-जा करते. नोडच्या प्रोजेक्टमधला 'नोड मॉड्यूल्स' म्हणजे हजारो चिमुकल्या फाइली, त्यामुळे इन्स्टॉल रेंगाळतं. तेच फोल्डर लिनक्सच्या होममध्ये हलवलं की त्याच मशिनला पाय फुटतात. 'जेन ३'ऐवजी 'जेन ४'चा एसएसडी घेऊन हा फरक मिळणार नाही. जाहिरातीतले वेग मोठ्या सलग फाइलींचे असतात. अजूनही हार्ड डिस्कवर असाल तर गोष्ट निराळी, तिथे साधा साटा एसएसडीसुद्धा कायापालट करतो.

आणखी एक टाळता येणारा खर्च: डॉकरसाठी विंडोजची प्रो आवृत्ती लागत नाही, होमवर ते व्यवस्थित चालतं. स्क्रीन आणि कीबोर्डबद्दल मात्र कोणी विचारत नाही, आणि दिवसाचे आठ तास त्यांच्याशीच गाठ असते. १६:१० आकाराच्या स्क्रीनवर कोडच्या थोड्या जास्त ओळी मावतात. दुकानात उभ्याउभ्या कंसाच्या आणि बाणाच्या कळा दाबून बघा, काही मॉडेलमध्ये बाण इतके बारीक असतात की कर्सर हलवताना चिडचिड होते.

जुना, रिफर्बिश्ड घेणं कमीपणाचं मुळीच नाही. कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मिळतात. त्यांचे कीबोर्ड उत्तम असतात आणि अनेकांत रॅमचे स्लॉटही. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा घेऊ नका. विंडोज ११ची अधिकृत हद्द तिथे संपते आणि विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला थांबला. लिनक्सच टाकायचं असेल तर ही अट सोडता येते. पैसे देण्याआधी कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी'ची बॅटरी रिपोर्टची कमांड द्या. तयार झालेल्या पानावर बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर उरणारी क्षमता, असे दोन आकडे येतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून तिथल्या तिथे कापून घ्या.